मालकांची बिऱ्हाडं

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची आधीच माफी मागते. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे, तेही शेवटचे सहा महिने धाकट्या भावाला कडेवर घेऊन केलेले. अक्षर तर त्याहून वाईट. आमच्या गावी अशा अक्षराला मुंग्या पळाल्या म्हणत. इथे कलकत्त्यात कावळ्याचे पाय, बगळ्याचे पाय म्हणतात. मुलीच्या जुन्या वहीत मागची पाने कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. कुणाला दाखवायचे नाही. चारचौघांत मला धड बोलता येत नाही, मग लिहिलेले काय दाखवणार. पण ते घर आता पाडले, आणि त्या घरात कोण कोण राहून गेले हे ठाऊक असलेली मीच उरले. आणखी एक म्हातारी आहे, पण तिला लिहिता येत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा आमचे बिऱ्हाड बालीगंजला त्या घराच्या तळमजल्यावर होते. दोन खोल्या, मागे मोरी, आणि अंगणात हातपंप. हे सरकारी कचेरीत कारकून, सकाळी जेवून ट्रामने एस्प्लनेडला जात. वरच्या मजल्यावर मालक राहत. बंगाली मुसलमान कुटुंब, नवरा कोर्टात कामाला. त्याच्या बायकोला मी आपा म्हणायची. तिनेच तसे म्हणायला सांगितले.

पहिले दोन-तीन महिने मी जिन्याकडे फिरकतच नसे. वरून दिवसभर हाका ऐकू येत, "बुवा! ओ बुवा!" मला वाटे, वर कोणी बुवा उतरले आहेत, दाढीवाले, जपजाप्य करणारे. जिन्यावर पाऊल वाजले की मी पदर डोक्यावरून पुढे ओढून भिंतीला चिकटून उभी राहायची. एक दिवस पाऊल वाजले, मी पदर ओढला, आणि समोरून मिशीसारखी तपकीर लागलेली एक बाई पाण्याची बादली घेऊन उतरली. ती बुवा. घरातल्या जुन्या मोलकरणीला ते लोक बुवा म्हणतात. मी आपाला माझी समजूत सांगितली तेव्हा ती हसून हसून जिन्यावरच बसली. मग बुवाला हाक मारून म्हणाली, "बुवा, आजपासून तू पीर झालीस. ही तुझ्या पाया पडायची." बुवाने माझ्या हनुवटीला हात लावून बोटे चुंबली आणि म्हणाली, "पडू दे. माझ्या पाया या घरात कोण पडतंय?"

त्या दिवसापासून माझी जिन्याची भीती सुटली.

घराची गोष्ट मला आपाने सांगितली, तिला तिच्या सासऱ्यांनी सांगितलेली. त्या जागी आधी तळे होते. एका जमीनदाराच्या कारभाऱ्याने ते बुजवून तळमजला बांधला आणि फाटकाच्या खांबावर आईच्या नावाची संगमरवरी पाटी बसवली. मुलींच्या लग्नात तो बुडाला आणि घर विकून काशीला गेला. आपाच्या सासऱ्यांनी ते घेतले. ते डॉक्टर. त्यांनी वरचा मजला चढवला, हिरव्या झडपांच्या खिडक्या केल्या. त्यामुळे जिना चढताना मध्येच पायऱ्यांचा दगड बदलायचा. खाली काळा, वर लालसर. आधीच्या मालकाची पाटी मी पाहिलेली नाही. तिची चार भोके मात्र रोज पाहायची. त्यावर डॉक्टरांची पाटी थोडी वाकडी बसली होती, त्यामुळे एक भोक झाकले गेले नव्हते. त्यात मुंग्यांचे घर होते.

आपा त्या घराला बाडी म्हणायची. कुठूनही आली की म्हणायची, "बाडी आले, वाचले." मी माझ्या खोल्यांना बाडी म्हटले तर ती हसे. "तुझी बाडी तिकडे, तुझ्या देशात. ही तुझी बासा." इथे दोन वेगळे शब्द आहेत. वाडवडिलांचे, आपले, जिथे आपली माती ती बाडी. पोटापाण्यासाठी चार दिवस जिथे उतरलो ती बासा. मला हे समजायला अवघड गेले नाही. आपल्यातही घर आणि बिऱ्हाड वेगळेच आहे.

माझी मुलगी त्याच तळमजल्यावर जन्मली. ती दहा महिन्यांची असताना हे टायफॉईडने पडले. त्या सुमारास त्यावर नवे औषध निघाले होते, पण किंमत सोन्याची. रजा बिनपगारी झाली. गावी पत्र घालून उत्तर येईपर्यंत माणूस हातचा जाईल असे यांना तपासणारे डॉक्टर म्हणाले. मी कुणापाशी तोंड उघडले नव्हते. मला ते जमतच नाही. पण आपा आपणहून खाली आली आणि हातरुमालाची पुरचुंडी माझ्या पुढ्यात ठेवली. दोनशे रुपये होते.

मी म्हटले, "आपा, एवढे कुठून? दादांना ठाऊक आहे का?"

"त्यांचा काय संबंध? खालचं भाडं त्यांनी मला हातखर्चाला दिलेलं. हे तुझंच भाडं आहे, साठवलेलं. घरातलेच पैसे घरात फिरतायत."

"फेडीन," मी म्हटले.

"फेड की. मी कुठं पळून जातेय? माझी बाडी इथंच आहे."

हे वाचले. त्यानंतर वर्षभरात, स्वातंत्र्य येऊन तिसरे वर्ष असेल, पुन्हा सीमेच्या दोन्हीकडे जाळपोळीच्या बातम्या येऊ लागल्या. आपाचा नवरा कोर्टातून अंधार पडायच्या आत परतू लागला. संध्याकाळी हिरव्या झडपा बंद होत. मग एक दिवस ढाक्याचे दोन हिंदू गृहस्थ फीत घेऊन आले आणि खोल्या मोजू लागले. त्यांचे ढाक्याला मोठे घर होते. त्यांना इकडे यायचे होते, आपाच्या लोकांना तिकडे जाणे भाग होते. घराच्या बदल्यात घर. त्या वेळी अशा अदलाबदली पुष्कळ झाल्या. पैसा हातातून हातात जायचा नाही, नुसते दस्तऐवज व्हायचे.

फीत धरलेल्या माणसाने आमच्या खोल्याही मोजल्या. मी मुलीला घेऊन कोपऱ्यात उभी होते. फीत माझ्या पायावरून गेली.

जायच्या दिवशी आपाने सगळ्या खोल्यांतून एकेक फेरी मारली. डॉक्टरांची पाटी तिने काढून घेतली नाही. म्हणाली, "सासऱ्यांना इथंच राहू दे." बुवा त्यांच्याबरोबर गेली नाही. तिचा नवरा आणि दोन लेकरे इथल्या मातीत पुरलेली. ती पार्क सर्कसच्या वस्तीत जावयाकडे राहायला गेली. मी पैशाचे काढले तर आपाने माझ्या तोंडावर हात ठेवला. "घाई नाही. पत्ता शोधायला नको. वर येतील त्यांना विचार. त्यांचंच घर ते." मग टॅक्सीत बसताना म्हणाली, "आशि." म्हणजे येते. जाते म्हणायचे नाही, हे इथेही आपल्यासारखेच आहे. तरी मला कळले की ती येणार नाही.

नवे मालक आले तेव्हा वरच्या सबंध मजल्यावर गंगाजल शिंपडले. स्वयंपाकघर तर तीनदा धुतले. पाणी जिन्यावरून खाली आमच्या उंबऱ्यापर्यंत आले. ज्या चुलीवरची खीर मी वाटीवाटीने खाल्ली होती, तिचे ते पाणी. मी ते फडक्याने पुसून घेतले.

नव्या मालकिणीचा मुलगा बँकेत होता, हसतमुख. पहिल्याच दिवशी यांना म्हणाला, "कागदात लिहिलंय, तळमजल्यावर भाडेकरू. म्हणजे नळ, पंप, नारळाची दोन झाडं आणि तुम्ही, सगळे घराबरोबर मिळालात!" हेही हसले. त्याने फाटकावर लाकडी पाटी लावली. तीवर तिकडच्या त्यांच्या गावाचे नाव. जुन्या पाटीचे काय केले, मी विचारले नाही.

त्याची आई विधवा. तिला मी माशीमा, म्हणजे मावशी, म्हणू लागले. तिची बंगाली मला समजेचना. मी शिकले होते ती आपाकडून. ही बोली वेगळीच, शब्द तुटलेले, "स"चा "ह" केलेला. ती मला "मारहाट्टी बौ", म्हणजे मराठी सून, म्हणायची, आणि रागात असली की "बर्गी". बर्गी म्हणजे काय ते यांनी सांगितले. फार पूर्वी आपले मराठे स्वार इकडे येऊन चौथाई वसूल करत, गावे लुटत. अजून इथल्या आया मुलांना त्यांची भीती घालून निजवतात. मला फार वाईट वाटले. मी तर भाजीवाल्याशीही घासाघीस करत नसे.

माशीमा ते घर आपले मानायचीच नाही. सून म्हणे, "मा, बाडीत चला, ऊन लागेल." ती म्हणे, "बाडी कुठली? बासा म्हण." ती दस्तऐवजाने मालकीण होती, पण राहत होती माझ्यासारखीच, बिऱ्हाडात. देवघरही तिने ट्रंकेवर मांडलेले होते, उचलायला सोपे म्हणून. तिची बाडी ढाक्याला. तिथे फणस, तिथे तळ्याचा घाट, तिथे सासूने लावलेली तुळस. आणि तिथे आता आपा राहत होती.

माझ्या जिवाला एकच घोर. दोनशे रुपये द्यायचे होते. हे म्हणाले, "तिकडच्या लोकांचे पैसे राहिलेले कुणी फेडतंय का आता? आणि धाडायचे कसे?" ते वाईट मनाने म्हणाले नाहीत, पगारच तेवढा होता. पण मला झोप लागेना. त्यांचा जीव त्या पैशावर वाचला होता. मी धान्यातून, दुधातून आणे वाचवून साठ रुपये जमवले. आता पत्ता हवा होता, आणि तो एका माशीमाकडे. हे विचारायला मला वर्ष लागले.

हिवाळ्यात गच्चीवर ती बडी घालत होती. आपले सांडगेच ते, फक्त डाळ वेगळी. मीही शेजारी माझे सांडगे घालायला बसले. हात कामात असला की मला थोडे बोलता येते. मनात वाक्य जुळवून ठेवले होते. आपल्यात म्हणतात ना, शोध घेणे. तेच मी बंगालीत केले.

"माशीमा, इथं आधी ज्या राहत होत्या, त्या आपा. आमि तार शोध नेबो."

तिचा हात पिठात थांबला. "कार शोध निबा?"

"आपांचा. तुमच्या ढाक्याच्या घरी आहेत ना त्या? पत्ता पाहिजे."

"तिनं तुला काय केलं?"

माझे डोळे भरून आले. मी म्हटले, "अनेक कोरेछे." खूप केले.

माशीमाने अर्धी बडी तशीच सोडून ताट उचलले. तिचा चेहरा मी तोपर्यंत तसा पाहिला नव्हता. ती भराभर बोलली, मला त्यातले "आमार बाडी, आमार बाडी" एवढेच कळले. मग ती खाली गेली. मला वाटले, तिच्या घरात आता दुसरी बाई राहते हे मी बोलून दाखवले, म्हणून ती दुखावली. चूक माझीच. मी उरलेले सांडगे घातले आणि पुन्हा विषय काढायचा नाही असे ठरवले.

त्यानंतर माशीमा माझ्याशी बोलेनाशी झाली. आधी संक्रांतीला नारळाचे लाडू खाली येत, ते आले नाहीत. मी तिळगूळ वर पाठवला तो सुनेने घेतला, पण ताटली रिकामी परत आली. मुलगी मात्र दिवसभर वरच, तिच्या दिदापाशी, म्हणजे आजीपाशी असायची. तिला तिथून हलवायचे म्हणजे रडारड. तिच्या लेखी तळमजला, जिना, गच्ची, सगळे एकच होते आणि सगळ्याला ती बाडी म्हणायची. तिला बासा हा शब्द कुणी शिकवला नव्हता.

उन्हाळा सरत आला तेव्हा एक दिवस जेवताना मुलगी यांना म्हणाली, "बाबा, आई कुणाला मारणार आहे?"

"कुणी सांगितलं तुला?"

"दिदा म्हणते. म्हणते, तुझी आई चांगली, पण मनात राग धरते. म्हणते, मी तिला मारू देणार नाही."

यांनी माझ्याकडे पाहिले. "काय बोललीस तू त्यांना?"

मी गच्चीवरचे सगळे सांगितले, शब्दाला शब्द. हे घास हातात घेऊन ऐकत होते. मग त्यांनी घास ताटात ठेवला आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. "अगं, शोध नेबो म्हणजे सूड घेईन! आपला शोध म्हणजे इथला खोंज. तू त्या म्हातारीला सांगितलंस की मला मुसलमानणीचा सूड घ्यायचाय, तिनं माझं खूप केलंय, पत्ता द्या!"

मला हसू आले नाही. मी वरच्या त्या चेहऱ्याचा विचार करत होते. "आमार बाडी, आमार बाडी" ती का म्हणत होती, ते आता कळले. ती म्हणत होती, ती माझ्या घरात आहे. माझ्या घरात असलेल्या बाईला मी कुणाला हात लावू देणार नाही. जिच्या स्वयंपाकघराला तीनदा गंगाजल लावले, तिच्यासाठी ती माझ्याशी सहा महिने बोलली नव्हती.

"आणि पैसे फेडण्याला काय म्हणतात?" मी विचारले.

"तेही शोधच. घेतला तर सूड, दिला तर फेड. शोध देणं."

मी हात धुतले, डब्यातले साठ रुपये पदरात बांधले आणि वर गेले. एकटीने कुणाकडे बोलायला जायची माझी ती पहिली वेळ. माशीमा जपाची माळ घेऊन बसली होती. मी गाठ सोडून पैसे तिच्यापुढे जमिनीवर ठेवले आणि म्हटले, "नेबो ना. देबो. शोध देबो." घेणार नाही, देणार. पुढचे काही सुचेना, म्हणून रडू लागले.

ती पैशांकडे बघत राहिली, माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटले रडते आहे. ती हसत होती. "ओ बौमा! इकडे ये गं! ऐक तरी! सात पिढ्या बर्गी आले ते न्यायला आले. ही एक बर्गी द्यायला निघालीय!" सून धावत आली. माशीमाला हसता हसता खोकल्याची उबळ आली, आणि आम्ही दोघींनी तिची पाठ चोळली. खोकला थांबल्यावर तिने माझा कान धरला, लहान मुलीचा धरावा तसा. "सहा महिने! माझ्या लाडवांचं नुकसान केलंस."

पण पत्र लिहायला तिला आणखी दिवस लागले. मला बंगाली लिहिता येत नव्हते आणि मुलाला सांगायला ती तयार नव्हती. म्हणाली, "माझ्या घरी पत्र जायचं तर माझ्याच हातानं." बसली एका दुपारी दौत घेऊन. पाकिटावर आधी पत्ता घातला, झरझर, सवयीने. मग एकदम थांबली. मी वाकून पाहिले. मला वाचता येत नव्हते, पण पहिल्या ओळीवर तिने बोट ठेवले होते. ते तिच्या नवऱ्याचे नाव होते. घर, रस्ता, गाव सगळे बरोबर, आणि वर मेलेल्या माणसाचे नाव.  मग तिने त्या नावावर एकच रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात आपाच्या नवऱ्याचे नाव लिहिले. मी नवीन पाकीट आणू का विचारले. ती म्हणाली, "असू दे. पोस्टमन दोघांनाही ओळखतो."

पत्रात माझे लिहिल्यावर तिने स्वतःचे एकच विचारले. तुळस आहे का?

उत्तर पावसाळ्यात आले. माशीमाने ते जिन्यावर बसून वाचून दाखवले, मी खालच्या काळ्या पायरीवर, ती वरच्या लाल पायरीवर. आपाने लिहिले होते, मी पैसे धाडायच्या खटपटीत पडू नये, ते सीमेवरच अडकतील. बुवा जावयाच्या दारात पडून आहे, तिला कोणी विचारत नाही. तिला दर महिन्याला पाच रुपये द्यावेत. एकदम देऊ नयेत. एकदम दिले तर जावई नेईल, आणि दर महिन्याला दिले तर दर महिन्याला कोणीतरी तिला बघायला जाईल.

"ही बुवा कोण?" माशीमाने विचारले. मी सांगितले. तिला पदराची गोष्टही सांगितली.

मग तुळशीचे आले. आपाने खोटे लिहिले नव्हते. तुळस जळून गेली, लिहिले होते. तिला पाणी घालायचे असते हे आम्हाला ठाऊक होते, पण कसे आणि काय म्हणून घालायचे ते ठाऊक नव्हते. ओटा पाडलेला नाही. त्यात आता पुदिना लावला आहे.

"पुदिना!" माशीमा म्हणाली.  मग म्हणाली, "म्हणजे पाणी घालतात." तिने डोळे पुसले आणि पुढे वाचू लागली, आणि एका ओळीवर अडकली. परत वाचली. तिचा आवाज चढला. "बघ काय लिहिलंय! या बासात मन रमत नाही! माझ्या सासऱ्यांनी बांधलेली बाडी, तिथं माझी चार बाळंतपणं झाली, आणि ही तिला बासा म्हणते!"

 मला बोलता येत नाही हे एका अर्थी बरेच.  तिने वर हिरव्या झडपांकडे पाहिले, पत्राची घडी घातली आणि आत गेली. त्या दिवसानंतर तिने देवघर ट्रंकेवरून काढून भिंतीच्या कोनाड्यात मांडले. आपा त्या कोनाड्यात आपले पोथीसारखे पुस्तक ठेवायची. पण घराला बाडी तिने शेवटपर्यंत म्हटले नाही.

मी दर महिन्याला पार्क सर्कसला जाऊ लागले. बुवाची नजर गेली होती. मी दाराशी जाऊन काही न बोलता उभी राहायची, आणि ती म्हणायची, "आलीस, पाया पडणारी?" पाच रुपये ती कनवटीला लावायची आणि मग घराचे विचारायची. मोरीची जाळी अजून तुंबते का, गच्चीच्या दाराची कडी लागते का. मी सांगायची. माशीमाने एकदा माझ्या हाती लाडू दिले. "खाईल ना ती माझ्या हातचं?" बुवाने तिथेच खाल्ले आणि म्हणाली, "नारळ आमच्याच झाडाचा आहे."

असे दोन वर्षे चालले. मग माशीमा गेली. शेवटी शेवटी तिला वाटे, ती ढाक्यालाच आहे, आणि सुनेला सांगे, घाटावर शेवाळ झालंय, मारहाट्टी बौला जपून उतरायला सांग. ती गेल्यावर मुलाची बदली झाली. मोठे घर सांभाळणे त्याच्याने होईना. त्याने ते एका ठेकेदाराला विकले. तो राहायला आलाच नाही. पत्र्याचा फलक लावला, नारळाची झाडे तोडली आणि आम्हाला निघायला सांगितले. तोही वाईट माणूस नव्हता, भाड्याचे तीन महिने त्याने सोडून दिले. आम्ही डमडमला दोन खोल्या घेतल्या. सामान लावून झाले तरी मुलगी दारात बूट घालून उभी. "चल ना आई. बाडी जाबो." हे तिला म्हणाले, हेच घर आता. ती म्हणाली, "ही तर बासा." शब्द तिला कोणी सांगितला कोण जाणे.

मी एकदाच पाहायला गेले. वरचा मजला उतरवला होता. लाल पायऱ्या गेल्या होत्या, काळ्या तेवढ्या उघड्यावर राहिल्या होत्या, कुठेच न जाणाऱ्या. फाटकाचा खांब आडवा पडला होता. त्यावर पाट्यांची भोके मी मोजली नाहीत.

बुवाला सांगावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. तिला दिसत नव्हते, नसते सांगितले तर कळलेही नसते. पण दर महिन्याला ती मोरीचे विचारायची, आणि मला खोटे बोलताना शब्द सापडत नाहीत. म्हणून सांगितले. ती थोडा वेळ जबडा हलवत राहिली, दात नसलेली माणसे हलवतात तसा. मग म्हणाली, "मी लहान होते तेव्हा मागच्या बाजूला तळं थोडं उरलं होतं. त्यात मी भांडी घासलीत. पावसाळा येऊ दे, बघ, पाणी आपली जागा विसरत नाही."

तसेच झाले. ठेकेदाराचे काम अडले आणि पायाच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साठले. हे कचेरीतून येताना मुद्दाम वाट वाकडी करून बघून आले. म्हणाले, त्यात बेडूक ओरडत होते.

गेल्या आठवड्यात शेवटचे पाच रुपये द्यायचे होते. डमडमहून गाडीने आणि पुढे बसने जायला सकाळ गेली. मुलगी बरोबर होती. आता ती बंगाली छान लिहिते. आपाला पत्र तिच्याकडून लिहून घेणार आहे. दोन वर्षांत तिकडून उत्तर नाही, पण पत्ता तोच असेल. घर हलत नाही, माणसे हलतात, असे म्हणणार होते, पण आता तसेही म्हणवत नाही.

बुवा दाराशीच बसली होती. मी उभी राहिले. "आलीस, पाया पडणारी?" ती म्हणाली. मी नोट तिच्या हातात दिली आणि सांगितले की ही शेवटची. दोनशे पुरे झाले. तिने नोट चाचपली, नाकाशी नेली, परत चाचपली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"म्हणजे आता तू येणार नाहीस?"

मी म्हटले, "येईन."

"कशाला? पैसे तर संपले."

 इतकी वर्षे त्या पाच रुपयांच्या निमित्ताने मी येत होते. ते नसताना दारात काय म्हणून उभी राहू, हे मी ठरवलेच नव्हते. मी खाली वाकून तिच्या पाया पडले. खरोखरच, अशी पहिल्यांदाच. तिने माझ्या हनुवटीला हात लावून बोटे चुंबली, नोट कनवटीला लावली, आणि जावयाच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "शोध होये गेलो, फिटलं. आमच्या बाडीचा एक पैसा हिच्याकडे राहिला नाही."